रक्ताची साक्ष : सुरतेचा १९९४ चा प्लेग आणि पुराव्याचा प्रश्न

सुरत शहराचे नाव मराठी मुलाच्या कानांवर प्रथम पडते ते इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातून. १६६४ चा जानेवारी आणि १६७० चा ऑक्टोबर ह्या दोन तारखा आम्ही वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेत आलो आहोत; आणि सुरतेतच राहून मराठी शाळा चालविणाऱ्या मनुष्यास ते पाठांतर करून घेताना किंचित संकोच वाटतो, हेही येथे सांगून टाकण्यास हरकत नाही. ह्या दोन तारखांच्या जोडीस सुरतकरांच्या मनात तिसरी एक तारीख आहे, ती सप्टेंबर १९९४ ची. त्या महिन्यात शहरात प्लेग आला, आणि काही दिवसांच्या आत लाखो माणसे शहर सोडून गेली. तो प्लेगच होता काय, हा प्रश्न त्यानंतर कित्येक वर्षे विद्वानांत वादाचा विषय होऊन राहिला. वादाचा बराचसा भार एकाच प्रकारच्या पुराव्यावर होता. तो पुरावा कागदावरचा नव्हता, माणसाच्या रक्तातला होता.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. जंतुशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु पुराव्याची पारख हा इतिहासाच्या शिक्षकाचा विषय आहे, आणि रक्तातला पुरावा हाही अखेर पुरावाच होय. तो कोण देतो, केव्हा देतो, कुणाच्या वतीने देतो आणि कुणाच्या वतीने देऊ शकत नाही, हे प्रश्न दप्तरातील कागदास जसे विचारावे लागतात, तसेच ते रक्तासही विचारावे लागतात. १९९४ साली ते पुरेसे विचारले गेले नाहीत असे आमचे मत आहे, आणि तेच ह्या लेखात मांडावयाचे आहे.

प्रथम घटनाक्रम थोडक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद हे जिल्हे हादरले. त्यानंतर वर्ष पुरे होण्यापूर्वीच, १९९४ च्या ऑगस्टमध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला ह्या लहानशा गावी पिसवांचा उपद्रव वाढल्याचे, उंदीर मरत असल्याचे आणि पाठोपाठ माणसांच्या जांघेत व काखेत गाठी येत असल्याचे वर्तमान आले. हा गाठीचा प्लेग. आमच्या आजोबांच्या पिढीने ज्यास ‘ग्रंथिक सन्निपात’ असे भारदस्त नाव दिले होते, तोच. भारतात १९६६ नंतर माणसास प्लेग झाल्याची नोंद नव्हती. तेव्हा ज्या वैद्यांसमोर हे रोगी आले त्यांपैकी बहुतेकांनी हा रोग पुस्तकाबाहेर पाहिलेला नव्हता.

सुरतेत जे घडले ते निराळे होते. त्या वर्षी पाऊस जबर झाला, तापीला पूर आला, सखल भागांतील वस्त्यांत पाणी आणि चिखल साचून राहिला. गणेशोत्सव नुकताच संपला होता. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वेड रोड आणि कतारगामच्या बाजूचे रोगी इस्पितळांत येऊ लागले. त्यांत हिऱ्यांच्या कारखान्यांत आणि मागांवर काम करणारे तरुण पुष्कळ होते. त्यांना गाठी नव्हत्या. एकाएकी भडकलेला ताप, छातीत कळ, थुंकीत रक्त, आणि दोन-तीन दिवसांत शेवट. हा फुप्फुसाचा प्लेग असे नवीन सिव्हिल इस्पितळातील डॉक्टरांनी ठरविले. शहरातले अनेक खाजगी दवाखाने बंद पडले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या औषधांच्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. आणि स्टेशनवर पाय ठेवावयास जागा उरली नाही. कोणी सौराष्ट्राकडे गेले, कोणी ओरिसाकडे, कोणी उत्तरेकडे. उधना, लिंबायत, पांडेसरा येथील आमचे खानदेशी बांधव ताप्ती व्हॅलीच्या मार्गाने नंदुरबार, धुळे, जळगावकडे गेले. आम्ही त्या वेळी नुकतेच शिक्षक झालो होतो. शाळा उघडली तेव्हा हजेरीपटावर जी नावे पुढे येईनाशी झाली, त्यांतली कोणती गावी राहिली आणि कोणती शहर बदलून गेली, हे पटावरून कळण्यास मार्ग नव्हता. पट फक्त परत आलेल्यांविषयी बोलतो.

वाद उत्पन्न झाला तो ह्यानंतर. मृत्यू पन्नासांच्या थोडे वर, बहुतेक सुरतेतलेच. पूर्वी प्लेगने हजारो माणसे मरत. मग ही संख्या इतकी थोडी कशी? उंदरांचा मोठा संहार सुरतेत आधी दिसला नव्हता. तो का दिसला नाही? आणि जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखविण्याचे काम, जे रोगनिदानाची पक्की खूण समजले जाते, ते इतके रेंगाळले का? कोणी म्हणाले हा मेलिऑइडोसिस, कोणी म्हणाले हंताव्हायरस, कोणी म्हणाले साधाच न्यूमोनिया आणि वर भीती. सरकारच्या हाती त्या क्षणी मुख्यत्वे एकच गोष्ट होती : रोग्यांच्या रक्तात प्लेगच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली होती.

प्रतिपिंड म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी आपणांस सुरतेहून मुंबईस आणि शंभर वर्षे मागे जावे लागते. हा फेरा अनाठायी नाही; कारण ह्या रक्तसाक्षीची जगातली पहिली मोठी परीक्षा आपल्याच प्रांतात झाली. १८९० च्या अखेरीस बेहरिंग आणि किटासाटो ह्यांनी दाखवून दिले की, विशिष्ट रोगाच्या विषाशी परिचय झालेल्या प्राण्याच्या रक्तजलात त्या विषास मारक असे काही तत्त्व उत्पन्न होते आणि ते दुसऱ्या प्राण्यास देता येते. १८९४ च्या जूनमध्ये हाँगकाँग येथे यर्सिन ह्यांनी प्लेगचा जंतू ओळखला. (त्यास बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा तो जंतू सुरतेत होता. योगायोग म्हणजे पुरावा नव्हे. पण तो नजरेआड होत नाही.) १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी प्लेग ओळखून जाहीर केला, आणि त्यापुढची दहा वर्षे मुंबई इलाख्याने जे भोगले ते महाराष्ट्राच्या स्मृतीत खोल रुतून आहे. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने गेल्या, आणि त्याच वर्षाच्या जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. ह्या गोष्टी आपणांस पाठ आहेत. प्रयोगशाळेतल्या गोष्टी मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतात.

वाल्डेमार हाफकिन हे मुंबईस आले ते १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले. जंतूंचे खाद्य म्हणून बकऱ्याच्या मांसाचा रस्सा, आणि त्यावर तुपाचे थेंब! तुपाच्या त्या तवंगाखाली जंतूंची वाढ छतावरून लोंबणाऱ्या झुंबरांसारखी खाली उतरे. मुंबईच्या बाजारातले तूप जागतिक विज्ञानाच्या इतिहासात अशा रीतीने शिरले, ही गोष्ट आम्हांस नेहमीच आनंद देते. वाढलेले जंतू ७० अंश उष्णतेवर तासभर ठेवून मारले जात, आणि तो सबंध काढा, जंतूंचे देह आणि ज्या द्रवात ते वाढले तो द्रव, दोन्ही मिळून, टोचला जाई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन ह्यांनी तो प्रथम स्वतःला टोचून घेतला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा टोचून घेण्यास तयार झालेल्या १४७ कैद्यांपैकी पुढे दोघांस प्लेग झाला व कोणी दगावला नाही. न टोचलेल्या १७२ पैकी बारांस झाला व सहा दगावले. आकडे लहान आहेत. परंतु लहान आकड्यांतूनच लस चालत असल्याची पहिली खात्री पटली.

‘लस’ हा शब्द आपण सहज वापरतो. जखमेतून पाझरणारे पातळ पाणी हा त्याचा मूळ मराठी अर्थ. देवी काढण्याच्या प्रथेतून तो टोचण्याच्या औषधास लागला. मात्र हाफकिन ह्यांची लस आणि त्याच काळी मुंबईत वापरले गेलेले दुसरे औषध ह्यांतला भेद ध्यानात ठेवला पाहिजे. यर्सिन स्वतः १८९७ साली मुंबईस आले ते घोड्याच्या रक्तजलात तयार केलेली प्रतिपिंडे घेऊन. आर्थर रोड इस्पितळात डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी ह्यांनी फ्लॉरेन्सच्या लुस्टिग ह्यांचे रक्तजल रोग्यांना दिले, आणि तेही एका रोग्यास द्यावे, दुसऱ्यास देऊ नये, अशा आळीपाळीने, म्हणजे पक्षपात टाळण्याची काळजी घेऊन. एका पद्धतीत माणसाचे शरीर स्वतः प्रतिपिंडे घडविते, दुसरीत ती उसनी मिळतात. उसन्या प्रतिपिंडांचा गुण आशेइतका आला नाही. परंतु दोन्ही पद्धतींतून एक गोष्ट सिद्ध झाली : शरीरास रोगाची आठवण राहते आणि ती आठवण रक्तात सापडते.

ती आठवण नेमकी कशाची, हे कळावयास अर्धे शतक लागले. शरीरास सबंध जंतू आठवत नाही, जसा आपणांस सबंध मनुष्य आठवत नाही. आठवतो तो त्याचा चेहरा, फार तर अंगरखा. प्लेगच्या जंतूच्या बाबतीत ही उपमा जवळजवळ अक्षरशः खरी आहे. ह्या जंतूच्या अंगावर प्रथिनाचे एक बुळबुळीत आवरण चढते. लंडनच्या लिस्टर संस्थेत १९३२ च्या सुमारास शुट्झे ह्यांनी ह्या आवरणाचा वेगळा विचार केला. १९५२ साली अमेरिकेत ते प्रथिन शुद्ध करून निराळे काढण्यात आले, आणि ‘एफ-वन’ म्हणजे पहिला अंश हे रुक्ष नाव त्यास कायमचे चिकटले. १९५६ साली इंग्लंडमध्ये बरोज ह्यांनी आणखी एक प्रथिन दाखविले, ज्यास ‘व्ही’ म्हणतात. जंतू ज्या सूक्ष्म सुईने आपल्या पेशींत विष सोडतो, त्या सुईच्या टोकाशी ते असते. ह्या दोन प्रथिनांविरुद्ध घडलेली प्रतिपिंडेच माणसाचे प्लेगपासून प्रामुख्याने रक्षण करतात.

ह्या आवरणाची एक खोड आहे, आणि सुरत व मामला ह्यांतला भेद तीतून बराच उलगडतो. पिसू हा थंड रक्ताचा जीव. त्याच्या पोटात असताना जंतूवर आवरण जवळजवळ नसतेच. पिसू चावून तो माणसाच्या शरीरात उतरला, की सदतीस अंशांच्या उष्णतेत काही तासांनी तो आपला अंगरखा चढवितो. हा अंगरखा त्याची ढाल आहे, कारण त्यामुळे रक्तातल्या भक्षक पेशींस तो गिळता येत नाही. पण उघड्या अंगाने आलेल्या जंतूस पहिले काही तास जपून काढावे लागतात. पुष्कळ जंतू तेवढ्यात मारले जातात, आणि उरलेले जवळच्या गाठीत अडकतात. गाठ म्हणजे शरीराने धरून ठेवलेली वेस. फुप्फुसाच्या प्लेगात जंतू एका माणसाच्या खोकल्यातून दुसऱ्याच्या श्वासात जातो. तो मनुष्यदेहाच्या उष्णतेतूनच येत असल्यामुळे आवरण चढवूनच येतो. त्यास वेशीवर थांबावे लागत नाही. लक्षणे दिसल्यापासून पहिल्या चोवीस तासांत औषध पडले नाही तर हा रोगी सहसा वाचत नाही.

आणि प्रतिपिंडे? जंतूची जी ढाल तीच त्याची ओळखीची खूण ठरते. शरीर त्या आवरणाविरुद्ध प्रतिपिंडे घडवू लागते, पण ती मोजण्याइतकी होण्यास साधारण आठवडा, कधी दोन आठवडे लागतात. ती आहेत किंवा नाहीत हे पाहण्याची १९९४ सालची मान्य रीत साधी, पण मोठी सुबक होती. मेंढीच्या तांबड्या रक्तकणांस एफ-वन प्रथिनाचा लेप द्यावयाचा, आणि लहान खळग्यांच्या तबकात त्यांवर रोग्याचे रक्तजल दुपटीदुपटीने पातळ करीत टाकावयाचे. प्रतिपिंडे असतील तर रक्तकण एकमेकांस धरून खळग्याच्या तळावर चटईसारखे पसरतात. नसतील तर घरंगळून मध्यभागी गुंडीसारखा ठिपका करतात. किती पातळ केल्यावरही चटई पसरते त्यावरून प्रतिपिंडांचे प्रमाण ठरते. ह्या कसोटीचा नियम असा की, एकाच वेळच्या रक्तावरून फक्त संशय घ्यावा. पहिले रक्त आजाराच्या आरंभी आणि दुसरे काही आठवड्यांनी घ्यावे, आणि प्रमाण निदान चौपट वाढलेले दिसले तरच निश्चित म्हणावे. एका वेळच्या कागदावर विसंबू नये, हा नियम इतिहासकारासही नवा नाही.

आता १९९४ चे आकडे पाहू. २६ ऑगस्ट ते ५ ऑक्टोबर ह्या काळात ज्या संशयितांच्या रक्तात प्लेगची प्रतिपिंडे आढळली असे जाहीर झाले, त्यांची संख्या ६९३. त्यांपैकी महाराष्ट्रात ४८८, गुजरातेत ७७, दिल्लीत ६८, कर्नाटकात ४६, उत्तर प्रदेशात १० आणि मध्य प्रदेशात ४. वाचकांनी हे आकडे पुन्हा एकदा पाहावे. माणसे मेली ती मुख्यत्वे सुरतेत, आणि रक्ताने साक्ष दिली ती मुख्यत्वे महाराष्ट्रात! त्या काळी वर्तमानपत्रे वाचणाऱ्या पुष्कळांस ह्या विसंगतीत लबाडीचा वास आला. सुरतेत प्लेग नव्हताच, असे कोणी म्हणाले. महाराष्ट्राचे आकडे फुगविलेले आहेत, असेही कोणी म्हणाले.

आमच्या मते विसंगती आहे, पण ती रोगात नाही, साक्षीच्या स्वरूपात आहे. महाराष्ट्रातल्या गाठीच्या रोग्यास वेळ मिळाला. तो आठवडाभर तापला, औषध घेऊन उठला, आणि त्याच्या रक्ताने आपली हकीकत लिहून काढली. सुरतेतला हिरे घासणारा तरुण तिसऱ्या दिवशी मेला. त्याच्या रक्तास अक्षरओळख होण्यापूर्वीच हात थांबला. जो सर्वांत निश्चितपणे प्लेगने मेला, त्याच्याच रक्तात प्लेगची प्रतिपिंडे सापडण्याचा संभव सर्वांत कमी. म्हणजे प्रतिपिंड हा रोगाचा पुरावा असण्यापेक्षा रोगातून वाचल्याचा पुरावा अधिक आहे. ७७ हा आकडा सुरतेत किती प्लेग होता हे सांगत नाही. साक्ष देण्याइतके किती जण उरले, तेही काही अंशीच, एवढे सांगतो.

ह्यास आपल्याकडे जुना नमुना आहे, आणि तोही सुरतेचाच. १६६४ च्या छाप्याचे वृत्त दोन जातींच्या साधनांतून आपणांपर्यंत आले आहे. इंग्रज वखारीचा धर्मोपदेशक एस्कॅलिऑट ह्याने २६ जानेवारी १६६४ रोजी, म्हणजे छापा होऊन पुरता महिनाही झाला नव्हता तेव्हा, इंग्लंडात सर टॉमस ब्राउन ह्यास पत्र लिहिले. दुसरीकडे सभासदाची बखर आहे. ती जिंजीस, राजाराम महाराजांच्या काळी, सुमारे तीस वर्षांनी लिहिली गेली. पहिला लेखक घटनेत सापडलेला, भेदरलेला आणि एकांगी. दुसरा घटनेतून तरून आलेला, मनाशी सर्व जुळवून बसलेला. १८९८ साली, म्हणजे प्लेगच्या ऐन धुमाळीत, इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्याचा पहिला खंड काढला आणि बखरींपेक्षा तत्कालीन अस्सल पत्रांवर भर देण्याचा आग्रह धरला. त्यावरून आपल्याकडे दोन पिढ्या वाद झाला. जंतुशास्त्रातही तोच भेद आहे. थुंकीतून वाढविलेला जंतू म्हणजे तत्कालीन पत्र, आणि प्रतिपिंड म्हणजे बखर. बखर खोटी नसते; पण ती मागाहून लिहिली जाते आणि जो उरला तोच ती लिहितो. १९९४ साली सरकारने बखर पुढे केली आणि टीकाकारांनी ती बखर आहे एवढ्यावरून टाकून दिली. आमच्या मते दोघांचेही चुकले.

बखरीची दुसरी प्रत ताडून पाहता आली असती तर बराच वाद मिटला असता. पण दुसरे रक्त कोण देणार? रोगी बरा वाटताच, आणि कित्येकदा त्यापूर्वीच, इस्पितळाच्या भिंतीवरून उडी टाकून गेला होता. शहरावर पहारा बसण्यापूर्वी तो गाडीत होता. जे राहिले त्यांनी लक्षण दिसो न दिसो टेट्रासायक्लिन गिळले. त्यायोगे कित्येकांचे प्राण वाचले असतील, ह्यात शंका नाही, आणि मृत्यूंची संख्या पन्नासांच्या आसपासच का थांबली ह्याचे निम्मे उत्तर त्या गोळीत आहे. परंतु लवकर पडलेले औषध जंतूस मारून टाकते, म्हणून तो प्रयोगशाळेत वाढत नाही. आणि शरीरास जंतूचा पुरता परिचय होऊ देत नाही, म्हणून प्रतिपिंडेही मंद किंवा उशिरा येतात. ज्या गोळीने शहर वाचविले तिनेच पुरावा पुसला. टीकाकार विचारीत होते, प्रमाण इतके क्षीण का? त्याचे एक कारण त्यांच्याच खिशात होते.

पुढे तत्कालीन पत्रे सापडलीच. प्रा. व्ही. रामलिंगस्वामी ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञसमितीने १९९५ साली हा प्लेगच होता असा निष्कर्ष काढला. सुरत आणि बीड येथील रोग्यांपासून मिळालेल्या जंतूंची ओळख १९९६ साली भारतीय शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली, आणि २००० साली हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी जंतूंच्या आनुवंशिक द्रव्याचीच वाचणी करून प्लेगच्या जंतूविषयी संशय ठेवला नाही. बखरीतली मुख्य गोष्ट अस्सल पत्रांनी खरी ठरली. ती बातमी मात्र वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली नाही. त्यामुळे ‘सुरतेस प्लेग आलाच नव्हता’ हे वाक्य अजूनही सुशिक्षितांच्या तोंडी ऐकू येते. कोणी ते शहराच्या अब्रूसाठी म्हणतो, कोणी सरकारच्या बेअब्रूसाठी. शहराची अब्रू तर त्याने अन्य मार्गाने मिळविली : १९९५ साली आयुक्त एस. आर. राव ह्यांच्या कारकिर्दीत जी सफाई सुरू झाली तिच्या जोरावर १९९६ साली सुरत देशातले दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर गणले गेले, आणि २०२३ च्या स्वच्छता-सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने पहिले. परंतु त्या वाक्याने पन्नासांवर माणसांच्या मृत्यूचे कारणच नाहीसे होते, हे ते उच्चारणारांच्या ध्यानी येत नाही. ती माणसे बहुतेक परगावची, भाड्याच्या खोलीत दहा-दहा जणांनी राहणारी. रक्ताची बखर लिहावयास त्यांस अवधी मिळाला नाही, आणि कागदाची लिहिणारे कोणी जवळ नव्हते.

जुन्या काळाकडे पाहताना ह्या सर्वाचा उपयोग होतो. इंग्रज धर्मोपदेशक ओव्हिंग्टन १६८९ साली सुरतेच्या प्रवासास निघाला. त्याच्या प्रवासवृत्तात सुरतेच्या वर्षानुवर्षे चाललेल्या मरीचे वर्णन आहे. त्या मरीने मेलेल्यांचे रक्त आपणांस मिळणे नाही. तेव्हा तीस प्लेग म्हणताना ‘ओव्हिंग्टनच्या म्हणण्याप्रमाणे’ हे शब्द विद्यार्थ्यांकडून लिहवून घेण्याचा आमचा प्रघात आहे.

१९९४ नंतर रक्तसाक्षीचा उपयोग अधिक शहाणपणाने होऊ लागला. २००२ च्या फेब्रुवारीत हिमाचल प्रदेशातील हाटकोटी भागात फुप्फुसाच्या प्लेगाचे १६ रोगी आढळले आणि ४ मृत्यू झाले. तेथे जंतू वाढवून पाहण्यात आला आणि वाचलेल्यांपैकी काहींच्या दोन वेळच्या रक्तांतील वाढही मोजण्यात आली. बखर आणि पत्र दोन्ही एकत्र ठेवून वाचली गेली. बंगलोर येथील प्लेग-निरीक्षण केंद्र वर्षानुवर्षे उंदरांचे व कुत्र्यांचे रक्तजल तपासत आले आहे. कुत्रा प्लेगाने सहसा मरत नाही. आजारी उंदीर खाल्ला की त्याच्या रक्तात प्रतिपिंडे मात्र येतात. माणसांत रोग येण्यापूर्वीच गावच्या कुत्र्याने दिलेली ही साक्ष असते. वाचलेल्या माणसाची साक्षही दीर्घकाळ टिकते : चीनमध्ये प्लेगातून उठलेल्या काही जणांच्या रक्तात दहा वर्षांहून अधिक काळानंतरही एफ-वनची प्रतिपिंडे आढळली आहेत.

आणि मेलेल्याच्या साक्षीचे काय? त्यावर तोड निघाली ती मादागास्करात. तेथील पाश्चर संस्थेत शांतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली कागदाची एक पट्टी प्रसिद्ध केली. तिच्यावर प्रयोगशाळेत घडविलेली प्रतिपिंडे बसविलेली असतात. गाठीतला द्रव किंवा थुंकी तिला लावली, की त्यांतले एफ-वन प्रथिन त्या प्रतिपिंडांस चिकटते आणि पंधरा मिनिटांत रेघ उमटते. येथे रोग्याच्या शरीराने काही लिहावयाची वाट पाहावी लागत नाही. जंतूचा अंगरखाच पकडला जातो. गाठीच्या द्रवावर ही पट्टी चांगली चालते, थुंकीवर तितकीशी नाही, हे २०१७ सालच्या मादागास्करातल्या मोठ्या साथीत दिसून आले. आणि ज्या विरळा जंतूंवर हे आवरण चढतच नाही ते तिला मुळीच दिसत नाहीत. तरी आजाराच्या पहिल्या दिवशी, रोगी अजून बोलत असताना, ती बोलू शकते.